हॉट रॉडला जुन्या घडणीचे दिवे कसे बसवावेत

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर, १९३०च्या दशकात म्युरॉकला आणि पुढे एल मिराजला, गाडी पळवायला येणारी बरीच पोरं त्याच गाडीतून घरून यायची. तळ्यावर पोचलं की मडगार्ड, पुढची काच आणि हेडलाइट खोलून बाजूला ठेवायचे, गाडी पळवायची आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी सगळं पुन्हा चढवायचं. जुनी गाडी खोलून वेगासाठी नव्याने बांधली की ती हॉट रॉड. तिचा दिवा कसा असावा हे मला तिथे सापडतं. तो अंगाबाहेर उभा असतो, दोन नट सोडले की हातात येतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच गाडीवरून काढलेला असतो. भंगाराच्या आवारात त्या वर्षी जे चांगलं मिळालं, ते गाडीवर चढलं.

म्हणून माझा नियम असा: डोळ्याला दिसणारी प्रत्येक वस्तू तुम्ही ठरवलेल्या सालातली हवी आणि न दिसणारी प्रत्येक वस्तू आजची. पत्रा, काच, काचेभोवतीची कडी, दिव्याचा खांब जुन्या घाटाचे. वायर, अर्थ (करंट परत बॅटरीकडे नेणारी जोडणी, म्हणजे अर्थिंग), रिले, फ्यूज आजच्या दर्जाचे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की गाडी एक तर खोटी दिसते, नाही तर रात्री धोकादायक होते.

आधी साल ठरवा

गाडीचं मॉडेल कोणत्या वर्षाचं आहे, यापेक्षा ती कोणत्या वर्षी बांधल्यासारखी दिसावी हे महत्त्वाचं. समजा तुमच्याकडे १९३२ची फोर्ड रोडस्टर आहे आणि ती १९४८ साली तयार झाल्यासारखी दिसावी असं तुम्हाला वाटतं. मग १९३९च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे टेल लाइट तिला शोभतील, कारण ते तेव्हा आवारात पडलेले असणार. १९५०च्या पाँटिअ‍ॅकचे गोल टेल लाइट कितीही देखणे असले तरी त्या गाडीवर चालणार नाहीत. ते तेव्हा बनलेच नव्हते. हीच गाडी १९५६ची भासवायची असेल, तर मात्र पाँटिअ‍ॅकचे दिवे अगदी अचूक.

काही टप्पे लक्षात ठेवले की निवड सोपी होते. अमेरिकेत सात इंची गोल सील्ड बीम हेडलाइट १९४०च्या मॉडेलपासून आले. त्याआधी बल्ब, रिफ्लेक्टर आणि काच वेगवेगळे असत. चार हेडलाइटची पद्धत १९५७-५८च्या सुमाराची. पुढचे इंडिकेटर १९६३च्या मॉडेलपासून नारिंगी झाले. तोपर्यंत ते पांढरे असायचे. म्हणजे १९५०च्या दशकातल्या रॉडवर पुढे नारिंगी काच दिसली की जाणकाराची नजर तिथेच अडकते.

हेडलाइटची निवड

तीन वाटा आहेत. पहिली, गाडीचे मूळ हेडलाइट ठेवणं. १९३२च्या फोर्डचे मोठे मूळ दिवे सुंदरच असतात, पण जुन्या रिफ्लेक्टरवर चांदीचा मुलामा असतो आणि तो काळवंडला की उजेड मरतो. असा रिफ्लेक्टर घासायचा मोह टाळा. खरखरीत पॉलिशने एकदा चरे पडले की ते जात नाहीत. तो पुन्हा चांदीचा मुलामा देणाऱ्याकडे पाठवा, किंवा आत एच-४ (दोन फिलामेंटचा हॅलोजन) बल्ब घेणारा नवा रिफ्लेक्टर आणि बाहेर जुनी रेघांची काच अशी जोडी करा. मात्र रेघांची काच तिच्या मूळ रिफ्लेक्टरसाठीच आखलेली असते. दुसऱ्या रिफ्लेक्टरपुढे ती उजेड कसा पसरवते, हे भिंतीवर पाहिल्याशिवाय ती जोडी पक्की करू नका. काच लावताना वरची बाजू वरच आहे ना तेही बघा. उलटी काच उजेड समोरच्याच्या डोळ्यांत फेकते.

दुसरी वाट म्हणजे सात इंची सील्ड बीम घेणारी जुन्या घाटाची डबी. जनरल मोटर्सच्या गाइड लॅम्प विभागाचा ‘गाइड ६८२-सी’ हा यातला राजा. ट्रक-बसवर दिसणारा, भक्कम बांध्याचा, डोक्यावर छोटा स्वतंत्र दिवा असलेला. तो वरचा दिवाच इंडिकेटर म्हणून वापरता येतो, त्यामुळे पुढे वेगळा इंडिकेटर टांगावा लागत नाही. त्याच्या नव्या नकलाही मिळतात. माझी पसंती यालाच, कारण आतलं सात इंची युनिट कधीही बदलता येतं आणि बाहेरचं रूप तसंच राहतं.

तिसरी वाट म्हणजे त्या काळचे सुटे विकले जाणारे, डिएट्झ किंवा किंग बी अशा नावांचे दिवे. खरे जुने मिळाले तर उत्तम, पण विकत घेण्याआधी कडी, स्क्रू आणि आतली पकड पूर्ण आहे ना ते तपासा. एका हरवलेल्या कडीपायी अख्खी जोडी कपाटात पडून राहते.

आतल्या बल्बबद्दल स्पष्ट सांगतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खोचू नका. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर आखलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागी नेमके बसत नाहीत, उजेड विस्कटतो आणि समोरच्याला अंधारी येते. अमेरिकेच्या संघीय नियमांत अशा बदलाला मान्यताही नाही. शिवाय निळसर पांढरा उजेड जुन्या चेहऱ्यावर परका दिसतो. साधारण ३,००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर उजेडच तिथे शोभतो.

टेल लाइटची निवड

मागे दिव्याचं काम वेगळं आहे. तिथे तुम्हाला दिसायचं नसतं, तुम्ही दिसायचं असतं. हॉट रॉड बुटकी, तिचे दिवे लहान आणि मागून येणारी गाडी आजची, उंच. म्हणून सौंदर्याइतकाच विचार उजेडाच्या क्षेत्रफळाचा करा.

१९३९चे थेंब सर्वांत प्रिय आहेत. ते मुळात मडगार्डच्या गोलाईसाठी घडवलेले असल्यामुळे सपाट पत्र्यावर टेकवले तर कडेला फट राहते. तिथे आकारात कापलेली रबराची किंवा धातूची गादी लागते. डावीकडचा दिवा नंबर प्लेटवर उजेड टाकणाऱ्या पारदर्शक खिडकीसह मिळतो. तो घेतलात तर नंबर प्लेटचा वेगळा दिवा लावावा लागत नाही. १९४१ ते ४८च्या शेव्हर्लेचे दिवे अंगाला चिकटून बसतात आणि साध्या रॉडला छान दिसतात. पाँटिअ‍ॅकचे गोल दिवे पत्र्यात थोडे आत बसवले की फार देखणे दिसतात, पण त्यासाठी मागच्या पत्र्यात गोल कप वेल्ड करावा लागतो, म्हणजे ते काम रंगाच्या खूप आधीचं.

बऱ्याच जुन्या गाड्यांना मागे फक्त डावीकडे एकच दिवा असायचा. इतिहास म्हणून ते खरं असलं, तरी आजच्या रस्त्यावर दोन लावा.

लाल काचेच्या मध्ये निळा ठिपका हा त्या काळचा लाडका शृंगार. दुरून तो उजेड जांभळट दिसतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत तो चालतो, काहींत चालत नाही, तेव्हा आधी तुमच्या राज्याचा वाहन कायदा बघा. आणखी एक: निळ्या ठिपक्यामागे लाल एलईडी लावला तर ठिपका काळाच राहतो, कारण लाल उजेडात निळा नसतोच. नंबर प्लेटच्या खिडकीचंही तसंच. लाल एलईडीने पाटी लाल दिसेल. दोन्ही ठिकाणी पांढरा उजेड देणारा साधा बल्ब, किंवा त्या जागेपुरते पांढरे ठिपके असलेली एलईडी चकती हवी. मात्र बाकीच्या लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबी आणि फिका दिसतो. तिथे लालच उत्तम.

उंची आणि जागा

अमेरिकेचं संघीय मानक क्रमांक १०८ (वाहनांच्या दिव्यांचे नियम) नव्या गाड्यांसाठी आहे, पण मोजमापाला तेच हाताशी ठेवावं. त्यानुसार हेडलाइटचा मध्य जमिनीपासून २२ ते ५४ इंच आणि टेल लाइटचा १५ ते ७२ इंच उंचीवर हवा. काही राज्यांत हेडलाइटची खालची मर्यादा २४ इंच आहे. पुढचा अ‍ॅक्सल खाली आणलेल्या गाडीत हेडलाइटही खाली घ्यायचा मोह होतो, आणि तिथेच ही मर्यादा ओलांडली जाते.

मोजमाप गाडी पूर्ण उंचीवर बसल्यावरच घ्या: इंजिन जागेवर, कायमची चाकं, टायरमध्ये योग्य हवा, सपाट जमीन. स्टँडवर चढवलेल्या चासीवर ठरवलेली उंची नंतर हमखास चुकते.

पुढचे दिवे खाली वाकवलेल्या आडव्या दांड्यावर लावतात किंवा शॉकअपच्या खांबासोबतच्या ब्रॅकेटवर. दुसरी पद्धत मला जास्त स्वच्छ वाटते. दांडा जाळीसमोरून जात नाही आणि १९३२च्या फोर्डची ती सुंदर जाळी मोकळी राहते. दिवे जाळीच्या शेलला बिलगून, थोडे खाली बसले की चेहऱ्याला नेमका १९५०च्या दशकाचा भाव येतो. बाजूला लांब आणि उंच गेले की गाडी बावरल्यासारखी दिसते. पुठ्ठ्याच्या सात इंची चकत्या कापून चिकटपट्टीने लावा, वीस पावलं मागे जा आणि बघा. तासभर जागा बदलून बघण्यात गेला तरी हरकत नाही. लोखंड कापल्यावर ही मोकळीक राहत नाही.

दोन्ही बाजू सारख्या करताना माप बॉडीवरून घेऊ नका, चासीवरून घ्या. जुन्या बॉडी दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. चासीच्या मध्यरेषेतून दोरी ओढून तिथून मोजलं की फसगत होत नाही. शेवटी मात्र डोळ्याचं ऐका. मापात बरोबर आणि डोळ्याला तिरकं असेल, तर दिवा डोळ्याला सरळ दिसेल असा हलवा.

भोक पाडणं आणि बसवणं

हे सगळं रंगाआधी, उघड्या पत्र्यावर करा. चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, पंचने टोचा, एक अष्टमांश इंचाचं वाटाड्या भोक पाडा आणि मग स्टेप बिटने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणाऱ्या ड्रिलने) हळूहळू वाढवा. जुना पत्रा साध्या मोठ्या ड्रिलला अडकून फाटतो.

१९३२च्या फोर्डची पेट्रोलची टाकी मागे चासीच्या दोन टोकांमध्ये उघडी असते. टेल लाइटसाठी तिथे ड्रिल किंवा वेल्डिंग करायचं असेल तर टाकी आधी काढून दूर ठेवा. यात सवलत नाही.

पत्र्याच्या आतून किमान पत्र्याइतकीच जाड पट्टी टेकू म्हणून द्या. टेल लाइट लहान असला तरी सतत थरथरतो, आणि नुसत्या पत्र्यावरच्या बोल्टभोवती वर्ष-दोन वर्षांत चीर पडते. दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची गादी हवी. तिने पाणी थांबतं आणि रंगही वाचतो. हेडलाइट खालच्या पोकळ बोल्टवर उभा असेल तर वायर त्याच बोल्टमधून खाली आणा, पण बोल्टची आतली कड कानशीने गोल करा आणि वायरवर नळी चढवा. ती धारदार कड कंपनामुळे वायरचं आवरण कापते, आणि हेडलाइटच्या वायरिंगचा फ्यूज रात्री रस्त्यात उडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. बाहेर दिसणाऱ्या वायरवर कापडी विणीचं आवरण किंवा लवचीक धातूची नळी चढवली की आजची वायरही जुनी दिसते.

वायरिंग: इथे घाई नको

सर्वांत आधी व्होल्टेज. फोर्डच्या गाड्या १९५६च्या मॉडेलपासून १२ व्होल्टवर आल्या. त्याआधी ६ व्होल्ट आणि बॅटरीची धन बाजू अर्थला. साध्या बल्बला धन-ऋणाचं सोयरसुतक नसतं, पण एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) उलट जोडणीत चालत नाहीत. ६ व्होल्टच ठेवणार असाल तर तशा जोडणीसाठी बनवलेलंच सामान घ्या.

६ व्होल्टवर तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट वाहतो. १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन हाय बीम मिळून साधारण १० अँपिअर खातात. ६ व्होल्टवर ५० वॅटचेच दोन घेतले तरी १६ ते १७. म्हणून १२ व्होल्टच्या गाडीत हेडलाइटला १४ गेजची आणि मागच्या दिव्यांना १६ गेजची वायर पुरते. ६ व्होल्टला हेडलाइटची मुख्य वायर १० गेजची धरा. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड.

हे का महत्त्वाचं? बल्बपर्यंत पोचताना व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर उजेड दहा टक्के घटत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. जुन्या गाड्यांचे हेडलाइट मिणमिणतात, त्यात दोष बहुतेक वेळा बारीक वायर, थकलेला स्विच आणि गंजलेला अर्थ यांचा असतो. उपाय म्हणजे रिले, म्हणजे लहान करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच: एक लो बीमला, एक हाय बीमला, दोन्ही पुढच्या बाजूला लपवलेले. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेतून थेट दिवा. डॅशबोर्डचा जुना स्विच आणि पायाखालचं डिपरचं बटण फक्त रिलेला इशारा देतात. फ्यूज डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळे ठेवा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा जळत राहतो.

आता अर्थ. दिव्यांच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथे निघालं. फायबरग्लासची बॉडी असेल तर पत्र्यातून अर्थ मिळण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर द्या. स्टीलच्या बॉडीतही तसंच करा, कारण रंग आणि पावडर कोटिंग दोन्ही वीज अडवतात. अर्थच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. बिघाडाची एक खूण पाठ करून ठेवा: ब्रेक दाबला की दिवा उजळण्याऐवजी मंद होतो, किंवा दुसराच कुठला तरी दिवा हलका पेटतो. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो, त्याचं हे लक्षण.

मागच्या दिव्यात दोन फिलामेंटचा बल्ब लागतो. १२ व्होल्टला ११५७, ६ व्होल्टला ११५४. मंद फिलामेंट टेल लाइटचं, तेज फिलामेंट ब्रेक आणि इंडिकेटरचं. त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच दिशेने बसतो. जोर लावून उलटा खोचू नका. जुना होल्डर गंजलेला असेल तर घासत बसू नका, नवा घाला. डबीचं आतलं तोंड पांढऱ्या रंगाने रंगवा, म्हणजे लहान काचेतूनही जास्त उजेड बाहेर पडतो.

ब्रेक आणि इंडिकेटर

मागे एकच तेज फिलामेंट ब्रेक आणि इंडिकेटर दोन्हींसाठी वापरायचं, तर ब्रेकची वायर थेट दिव्याला नेऊन चालत नाही. ती इंडिकेटरच्या स्विचमधून गेली पाहिजे. स्टिअरिंगच्या खांबाला क्लॅम्पने लागणारा सिग्नल-स्टॅट ९०० हा जुन्या ट्रकवरचा स्विच हॉट रॉडवर शोभतो आणि हे काम चोख करतो. त्याच्या सात वायरी अशा: पुढचे दोन दिवे, मागचे दोन दिवे, ब्रेकचा पुरवठा, फ्लॅशरचा पुरवठा आणि डॅशवरचा इशारा दिवा. ब्रेक दाबलेला असताना उजवा इंडिकेटर लावून बघा. उजवा लुकलुकला आणि डावा स्थिर राहिला, तर जोडणी बरोबर.

सगळे दिवे एलईडी केलेत तर जुन्या पद्धतीचा, तापून चालणारा फ्लॅशर लुकलुकणार नाही. त्याला पुरेसा करंटच मिळत नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला.

पुढे पांढरी काच ठेवूनही नारिंगी उजेड मिळवायचा असेल तर नारिंगी काचेचा ११५७-ए बल्ब आत लावा. गाडी उभी असताना रूप जुनं, वळताना इशारा स्पष्ट.

ब्रेकचा स्विच शक्यतो पेडलवर चालणारा घ्या. तेलाच्या दाबावर चालणारा स्विच दाब चढल्यावर जागा होतो. पेडलवरचा पाय टेकताच. बंद बॉडीची गाडी असेल तर मागच्या काचेच्या आत एक बारीक लाल पट्टी लपवून तिसरा ब्रेक लाइट द्या. अमेरिकेत नव्या मोटारींना तो १९८६च्या मॉडेलपासून सक्तीचा आहे. तुमच्या गाडीला तो लागू नाही, पण ब्रेक दाबेपर्यंत तो कुणाला दिसतही नाही. माझ्या मते या गाडीवर सालाचा नियम मोडावा अशी हीच एक जागा.

हेडलाइटचा नेम

संध्याकाळी सपाट जागेवर, भिंतीसमोर गाडी आणा. ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवा, टाकी निम्मी भरलेली असू द्या.

१. गाडी भिंतीजवळ नेऊन प्रत्येक हेडलाइटच्या मध्यासमोर भिंतीवर उभी पट्टी आणि दोन्हींच्या उंचीवर एक आडवी पट्टी चिकटवा.
२. गाडी सरळ मागे घ्या. काचेपासून भिंतीपर्यंत अंतर बरोबर २५ फूट.
३. एक दिवा झाका, दुसऱ्याचा लो बीम लावा. उजेडाच्या सर्वांत प्रखर भागाची वरची कड आडव्या पट्टीच्या सुमारे २ इंच खाली आणि तो भाग उभ्या पट्टीच्या उजवीकडे आला पाहिजे. हे उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचं गणित. डावीकडून चालणाऱ्या देशात काचही वेगळी लागते आणि दिशाही.
४. एच-४ युनिट असेल तर डावीकडे सरळ आणि उजवीकडे चढती अशी कड दिसेल. तिचा कोपरा उभ्या पट्टीवर आणा.

बॉलच्या बैठकीवर उभा राहणारा हेडलाइट नट आवळताना हमखास फिरतो. म्हणून नट निम्मा आवळा, नेम बघा, पूर्ण आवळा आणि पुन्हा बघा.

मग कुणाला तरी गाडी चालवायला द्या आणि तुम्ही दुसऱ्या गाडीतून मागे जा. एकदा रात्री, एकदा भर उन्हात. उन्हातच कळतं की ब्रेक लाइट खरोखर दिसतो की नुसता पेटतो. तो दिसत नसेल तर बल्ब किंवा चकती बदला, काच बदलू नका. पहिल्या शंभर मैलांनंतर प्रत्येक दिव्याचा नट पुन्हा आवळा, अर्थचे लग हाताने हलवून बघा आणि गाडी पुन्हा एकदा त्या भिंतीसमोर उभी करा.